वाचकांचे प्रश्न : फायटर माशासाठी मातीची टाकी

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गमैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या मुलांना परतभेट म्हणून एकेक फायटर मासा दिला गेला. गेले दोन महिने तो आमच्याकडे दीड लिटरच्या काचेच्या वाडग्यात, प्लॅस्टिकच्या एका झाडासोबत आहे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मी दर तीन दिवसांनी सगळे पाणी बदलते आणि खडे घासून धुते, तरीही मासा पर मिटून बहुतेक वेळ तळाशी पडून असतो. एका नातेवाइकांकडे मातीत खऱ्या पाणवनस्पती लावलेली टाकी पाहिली. तिला मोठा फिल्टर नव्हता, तरी पाणी नितळ होते. तसे करून पाहावे म्हणून वाडग्यात रोपवाटिकेतली माती घातली, तर दुसऱ्याच दिवशी पाणी काळे झाले आणि वास सुटला. मासा लगेच बाहेर काढून पुन्हा साध्या पाण्यात ठेवला आहे. आमचे घर लहान आहे. अशी टाकी आम्हाला जमेल का, आणि ती कशी लावावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मासा लगेच बाहेर काढलात, हे फार बरे केलेत. टाकी तुम्हाला नक्की जमेल, फक्त ती आज लावून उद्या मासा सोडण्याची गोष्ट नाही. लोणचे जसे घालून ठेवतात आणि मुरल्यावरच पानात वाढतात, तशी मातीची टाकी आधी मुरू द्यावी लागते. तिला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि बहुतेकांचे मासे दगावतात ते या आठवड्यांची घाई केल्यामुळे.

आधी वाडग्यात काय बिघडत होते ते पाहू. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात सतत अमोनिया उतरत असतो. जुन्या टाकीत खडे, काच आणि पाने यांवर वाढलेले जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. यांपैकी पहिली दोन द्रव्ये माशाला विषारी आहेत, तिसरे बरेच सौम्य आहे. दीड लिटर पाण्यात अमोनिया एका दिवसातच वाढतो, आणि खडे घासून धुतले की त्यांवर जेमतेम जम बसवणारे जिवाणूही वाहून जातात. शिवाय तपमान आणि क्लोरीन यांचा विचार न करता सगळे पाणी एकदम बदलले, तर माशाला दर तीन दिवसांनी नव्या तळ्यात फेकल्यासारखे होते. पर मिटून तळाशी पडून राहणे हे त्याचेच लक्षण असावे.

‘फायटरला वाटीभर पाणी पुरते’ हा समज कुठून आला, तेही सांगण्यासारखे आहे. हा मासा मूळचा थायलंडमधला (त्या देशाने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले), आणि तो भातखाचरांत, दलदलींत, गवताळ डबक्यांत राहतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घडीदार इंद्रिय असते, ज्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो जगतो आणि दुकानातल्या डबीतही काही दिवस तग धरतो. परंतु भातखाचर उथळ असले तरी विस्ताराने मोठे असते, आणि हवा घेता येते म्हणून अमोनियाने कल्ले भाजायचे थांबत नाहीत.

आता टाकी. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी साधी काचपेटी घ्यावी. दुकानदार ती ४२ लिटरची म्हणून देईल. तळाची माती व खडे आणि वर सोडायची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्षात २७–२८ लिटर पाणी मावते. एका फायटरला ते उत्तम आहे. पाणी, काच आणि माती मिळून वजन ५० किलोच्या आसपास जाते, त्यामुळे ती चपलांच्या रॅकवर किंवा टीव्हीच्या तकलादू फळीवर ठेवू नये. टेबल भक्कम असावे आणि टाकीखाली थर्माकोलचा पातळ तक्ता घालावा. थेट ऊन येणारी खिडकी टाळावी.

मातीवर जरा विस्ताराने लिहितो, कारण तुमची फसगत तिथेच झाली. रोपवाटिकेत कुंडीसाठी जी माती मिळते तिच्यात शेणखत, कोकोपीट, कधी निंबोळी पेंडही मिसळलेली असते. कुंडीत हे सारे गुणाचे, परंतु पाण्याखाली ते कुजते आणि अमोनिया सोडते. माझ्या पहिल्या टाकीत मी गच्चीवरच्या गुलाबाच्या कुंडीतली माती जशीच्या तशी घातली होती. तिसऱ्या दिवशी पाण्याचा कोरा चहा झाला, चौथ्या दिवशी वर दुधासारखी साय धरली, आणि बोटाने ती साय बाजूला केली तेव्हा खालून सुटलेल्या वासाने घरच्यांनी टाकी गॅलरीत नेऊन ठेवायला लावली. सुदैवाने तिच्यात मासा नव्हता. तेव्हा खत न मिसळलेली साधी तांबडी माती मागून घ्यावी. गांडूळखतही घालू नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांकडे काळी माती सहज मिळते. ती विषारी नसली तरी फार बारीक आणि फुगणारी असते, आणि एखादे रोप उपटले की सारी टाकी गढूळ करते, म्हणून मी ती सुचवत नाही.

आणलेली माती चाळणीने चाळावी, बादलीत भिजवावी, ढवळावी आणि वर तरंगणारा काडीकचरा पाण्यासह ओतून द्यावा. हे तीन-चार वेळा करावे. मग मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत दोन मुठी माती आणि वर पाणी घालून जोरात हलवावे व बरणी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी माती खाली बसून वरचे पाणी जवळजवळ नितळ दिसले आणि झाकण उघडल्यावर पावसाळ्यातल्या मातीसारखाच वास आला, तर ती वापरण्याजोगी आहे. आंबूस किंवा शेणासारखा वास आला, तर ती तुळशीच्या कुंडीत घालावी आणि दुसरी आणावी.

टाकीच्या तळाशी ही ओलसर माती अडीच-तीन सेंटिमीटर जाडीची पसरावी. अधिक नको, कारण जाड थरात हवा पोहोचत नाही. तिच्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक गोलसर खड्यांचा तितकाच थर द्यावा. समुद्रकाठची वाळू आणू नये, तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होत जाते. खड्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर त्यांत चुना आहे. आपल्याकडचा काळा बेसाल्ट निर्धोक असतो, मात्र खडी फोडताना निघालेली धारदार कच वापरू नये, कारण फायटरचे झालरीसारखे पर तिच्यावर फाटतात.

त्यानंतर वनस्पती. या पद्धतीत फिल्टरचे बरेचसे काम त्याच करतात, त्यामुळे ‘आधी चार लावू, मग वाढतील’ असे म्हणून चालत नाही. पहिल्याच दिवशी तळाचा तीन-चतुर्थांश भाग रोपांनी भरलेला असावा. अनेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियाच शोषून घेतात, म्हणून भराभर वाढणाऱ्या जाती अधिक हव्यात : हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, वॉटर स्प्राइट, हायग्रोफिला. यांच्या जोडीला जावा फर्न किंवा अनुबियस शोभेला चालेल. त्यांचे जाड आडवे खोड मातीत पुरू नये, दोऱ्याने दगडाला बांधावे, नाही तर ते सडते. दुकानात पाण्यात बुडवून ठेवलेला ‘लकी बांबू’ ही पाणवनस्पती नव्हे. त्याची पाने पाण्याखाली कुजतात. त्यापेक्षा घरातल्या मनी प्लांटची एक फांदी मागच्या काचेवरून अशी सोडावी की मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील. हवेतला कार्बन डायऑक्साइड पानांना सहज मिळत असल्याने ती जोमाने वाढते आणि पाण्यातले नायट्रेट ओढून घेते.

मातीवर रोपांच्या पोषणाचा भार टाकून वनस्पतींकडून पाणी साफ करून घेण्याची ही रीत जगभर अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांच्या नावाने ओळखली जाते; त्यांनी ती १९९९ साली ग्रंथरूपाने मांडली. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर तिला लागत नाही, कारण मातीतले जिवाणू सेंद्रिय द्रव्य कुजवताना तो वायू थोडाथोडा सोडतच असतात.

रोपे लावून झाल्यावर खड्यांवर एक बशी ठेवावी आणि पाण्याची धार तिच्यावर सोडावी, म्हणजे माती उसळत नाही. पालिकेचे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की त्यातला क्लोरीन बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात. प्रकाशासाठी ९ वॅटचा, ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी बल्ब टेबलदिव्यात लावून टाकीवर वाकवला तरी पुरे. तो रोज सात तास, ठरावीक वेळी लावावा. हवेच्या लहान पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर मंद गतीने लावल्यास चांगलेच, पण पाण्याला ओढ असता कामा नये; फायटर वाईट पोहणारा आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत दर दोन-तीन दिवसांनी एक तृतीयांश पाणी नळीने काढून नवे घालावे, कारण याच काळात माती सर्वाधिक अमोनिया सोडते. पाने पिवळी पडतील, काही गळतील, काचेवर तपकिरी थर धरेल, हे होणारच. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबांचे किट आणावे, आणि आठवड्याच्या अंतराने दोनदा दोन्ही शून्य आले की मासा सोडावा. किट परवडत नसेल, तर सहा आठवडे पूर्ण थांबावे. तोवर तुमचा मासा १०–१५ लिटरच्या, साबण कधीही न लागलेल्या टबमध्ये जाळीच्या झाकणाखाली ठेवावा आणि दिवसाआड निम्मे पाणी बदलावे. त्यात देशी बदामाचे अर्धे वाळके पान टाकता येईल. रस्त्याकडेला छत्रीसारखे पसरणारे, हिवाळ्याअखेर पाने लाल करून गाळणारे हे झाड डोंबिवलीतही असेल. झाडावरून आपसूक पडलेले, तपकिरी, कोरडे पान धुऊन घ्यावे. थायलंडमधले मासेपालक हे पान पूर्वापार वापरतात. त्याने पाणी किंचित पिवळसर आणि सौम्य होते.

टाकीत सोडल्यावर तो एक-दोन दिवस रोपांत दडून राहील. नंतर पाहा : व्हॅलिस्नेरियाच्या पृष्ठभागावर लोळणाऱ्या पात्यावर तो माणसासारखा आडवा होतो, मधूनच वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तिथेच येऊन टेकतो. नर असेल तर एखाद्या तरंगत्या पानाखाली साबुदाण्याएवढ्या बुडबुड्यांचा पुंजका रचलेला दिसेल. ते त्याचे घरटे आहे. मादी नसली तरी तो ते बांधतो, ते मोडू नये. खायला एका वेळी तीन-चार दाणे, दिवसातून दोनदा, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. उरलेला दाणा मातीवर पडून कुजतो, आणि मुलांना दाणे टाकायला फार आवडते, तेव्हा डबी उंच ठेवलेली बरी. दुसरा फायटर नर सोबत कधीही ठेवू नये.

पुढे दर पंधरा दिवसांनी चतुर्थांश पाणी बदलावे आणि वाढलेली रोपे छाटावीत. मातीतून बुडबुडे येऊन त्यांना कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर विणायची सुई खड्यांतून हळूच खुपसून जागोजागी माती मोकळी करावी. मुळे पसरली की हे आपोआप थांबते.

प्रश्न : आमच्या अशाच छोट्या टाकीच्या काचेवर हिरवे शेवाळ धरते. दुकानदार म्हणतात, ‘सकर’ मासा सोडा, तो काच चाटून साफ करतो. सोडावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सोडू नये. बोटाएवढा विकला जाणारा सकर मोठा झाला की फूटभराच्या वर जातो, रोपे उखडतो आणि जेवढे शेवाळ खातो त्याहून अधिक घाण करतो. मग तो नकोसा होऊन लोक नदीत सोडतात, जिथे या दक्षिण अमेरिकी माशाचे काही काम नाही. दिव्याची वेळ एक-दोन तासांनी कमी करावी, भराभर वाढणारी रोपे वाढवावीत आणि काच जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने खरवडावी. रोपांबरोबर चुकून आलेल्या लहान गोगलगाई मारू नयेत. त्यांची संख्या एकाएकी वाढली, तर खाणे जास्त पडते आहे असे समजावे.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या घरात दुपारी ३८–४० अंश तपमान असते आणि वीजही जाते. वनस्पतींची टाकी टिकेल का? आमच्याकडे बोअरचे पाणी आहे.
— एक वाचक, अकोला

उत्तर : वीज गेल्याने फायटर गुदमरत नाही, कारण तो हवा वरून घेतो, या कामासाठी त्याच्याइतका सोयीचा मासा नाही. अडचण उष्णतेची आहे. त्याला २४ ते २८ अंश मानवतात, ३० पर्यंत तो सहन करतो, पण त्याहून तापलेल्या पाण्यात कुजण्याचा वेग वाढतो, प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनिया अधिक विषारी ठरतो. तुमच्याकडे वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर खोली गार करतो, तेच इथे वापरावे : काचेचे झाकण काढून मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी, म्हणजे मासा उडी मारणार नाही, आणि लहान पंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्यावा. विदर्भाच्या कोरड्या हवेत एवढ्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. जुलैत हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर असावी. दिवा सकाळी चार आणि संध्याकाळी तीन तास लावून दुपारी बंद ठेवावा. बर्फ पाण्यात टाकू नये.

बाष्पीभवनाने पाणी रोज बोटभर उतरेल. तिथे बोअरचे पाणी घालत गेलात, तर पाणी उडते आणि क्षार मागे राहतात; दोन महिन्यांत काचेच्या कडेला पांढरी रेघ दिसेल. उतरलेली पातळी भरण्यापुरते आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. संपूर्ण टाकी मात्र केवळ आरओच्या पाण्याने भरू नये, वनस्पतींना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागते. जानेवारीत रात्री पाणी १८ अंशांपर्यंत उतरत असेल, तर ५० वॅटचा स्वयंचलित हीटर २६ अंशांवर लावावा. थंडीत सुस्त पडलेला फायटर आजारी समजून औषधे दिली जातात, तसे होऊ नये.

प्रश्न : आमच्या गावाजवळचे ओढे आणि भातखाचरे पाणवनस्पतींनी भरलेली असतात. दुकानातून विकत आणण्याऐवजी तिथल्याच वनस्पती टाकीत लावल्या तर चालतील का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : चालतील, आणि काही तर दुकानातल्याच असतात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि वॉटर स्प्राइट या आपल्याकडच्या पाणथळ जागी आपोआप वाढणाऱ्या जाती आहेत. पाणथळीत पसरणारी नीरब्राह्मी, म्हणजे बॅकोपा, जगभरच्या मत्स्यालयांत लावली जाते. तिची पाने लहान, मांसल आणि लांबट असतात. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे पुष्कळदा जी गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची पाने विकतात, ती मंडूकपर्णी होय, तिच्याशी गफलत करू नये.

ज्या खाचरात नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झाली आहे, तिथले काही घेऊ नये. कोळंबी आणि गोगलगाई त्याने लगेच मरतात, मासाही वाचेलच असे नाही. आणलेली रोपे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवावीत, वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि पांढऱ्या टबमध्ये पंधरा दिवस वेगळी ठेवावीत. टब पांढरा अशासाठी की जळू आणि चतुराच्या अळ्या त्यात नजरेला पडतात. चतुराची अळी लहान माशावर झडप घालते. त्या टबवर जाळी घालावी, नाही तर तो डासांचा पाळणा होईल. उलट दिशेने मात्र काही जाऊ देऊ नये : टाकीतली छाटणी ओढ्यात न टाकता उन्हात वाळवून कुंडीत घालावी. नद्यांवर गालिचा अंथरणारी जलपर्णीही एके काळी शोभेची वनस्पती म्हणूनच परदेशातून आली होती.

एक विनंती आहे. तुमच्या भागातल्या ओढ्यांच्या काठी क्रिप्टोकोरायनी या गटातल्या, लांब पात्यांच्या वनस्पती दिसतील. त्यांतल्या काही जाती पश्चिम घाटाबाहेर कुठेच आढळत नाहीत, म्हणून त्या उपटू नयेत. दुकानात याच गटातली श्रीलंकेची वेंडटी जात रोपवाटिकेत वाढवलेली मिळते, ती लावावी. लावल्यावर आठवडाभरात तिची सगळी पाने विरघळल्यासारखी गळून पडतील आणि पैसे वाया गेले असे वाटेल. मुळे उपटू नयेत. तीन-चार आठवड्यांत त्याच जागी गुंडाळीतून उलगडणारे तपकिरी-हिरवे नवे पान वर येते.